दयामरण, पाळीव प्राण्यांचे

असाध्य रोग, गंभीर इजा किंवा वार्धक्यातील विकलता यांमुळे ज्याच्या वेदना दूर करणे वा सुसह्य करणे शक्य राहिलेले नाही, अशा पाळीव प्राण्याचा त्याच्याच हितासाठी आणि शक्य तितक्या वेदनारहित मार्गाने हेतुपुरःसर जीवनान्त घडवून आणणे, याला त्या प्राण्याचे दयामरण म्हणतात. या व्याख्येतील ‘त्याच्याच हितासाठी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. साथीच्या रोगाचा प्रसार थांबविण्यासाठी केलेली जनावरांची हत्या, आश्रयस्थानात जागा नाही म्हणून मारलेली निरोगी कुत्री किंवा मालक परदेशी जाणार म्हणून मारून टाकलेले मांजर यांचे मरणही वेदनारहित असू शकते. तथापि त्यामागील हेतू मारल्या जाणाऱ्या प्राण्याचे हित हा नसतो. अमेरिकन तत्त्वज्ञ टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये हा भेद स्पष्टपणे मांडला आणि निरोगी प्राण्यांच्या हत्येला दयामरण म्हणणे म्हणजे शब्दाचा गैरवापर होय, असे प्रतिपादन केले. व्यवहारात मात्र ही सीमारेषा पुसट होते आणि ती पुसट होण्याचे एक मोठे कारण म्हणजे उपचारांचा खर्च होय.

माणसाच्या दयामरणाची चर्चा रुग्णाच्या संमतीभोवती फिरते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग खटल्यात (२०११) व पुढे कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवरील निकालात (२०१८) जीवनरक्षक उपचार न देण्यास किंवा थांबविण्यास काही अटींवर मान्यता दिली. परंतु मारक औषध देऊन रुग्णाचे आयुष्य संपविणे हा भारतात गुन्हाच आहे. पशूंच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी आहे. मारक औषध देण्यास कायद्याचा मज्जाव नाही, पण ज्याला ते द्यायचे त्याची संमती मात्र कधीच मिळू शकत नाही. त्याच्या वतीने पालक निर्णय घेतो. हा पालक एकाच वेळी प्राण्याचा हितरक्षक, औषधपाण्याचा खर्च सोसणारा आणि रात्रंदिवस शुश्रूषा करून थकलेला माणूस असतो. या तिन्ही भूमिकांचा कौल एकच असेल, अशी खात्री देता येत नाही. पाळीव प्राण्यांच्या दयामरणातील बहुतेक नैतिक अडचणींचे मूळ येथे आहे.

वेदनेचे मोजमाप : प्राणी दुःख भोगू शकतो की नाही, हाच त्याच्याशी करावयाच्या वर्तनाचा निकष असावा, हे मत जेरेमी बेंथॅम यांनी १७८९ मध्ये मांडले. आज पृष्ठवंशी प्राण्यांना वेदना होतात हे बहुतेक शास्त्रज्ञांना मान्य आहे. मात्र ती वेदना ओळखणे सोपे नसते. कुत्रा व विशेषतः मांजर वेदना लपविते. विव्हळणे हे तीव्र वेदनेचे लक्षण असले, तरी दीर्घकालीन वेदनेत प्राणी बहुधा शांत होतो, कोपरा धरून बसतो, अंग चाटून स्वच्छ ठेवणे सोडून देतो. मांजराची घुरघुर नेहमी सुखाचीच असते असे नाही. वेदनेतही ते घुरघुरते. म्हणून केवळ ‘तो ओरडत नाही’ यावरून तो सुखात आहे असे मानणे धोक्याचे ठरते. अमेरिकन पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये वेदना, भूक, शरीरातील पाण्याचे प्रमाण, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगल्या दिवसांचे आधिक्य या सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण देण्याची पद्धत सुचविली. एकूण गुण ३५ पेक्षा अधिक असतील, तर शुश्रूषा चालू ठेवण्यास हरकत नाही, असे ती सांगते. या आकड्याला शास्त्रीय काटेकोरपणा नाही. तिचा खरा उपयोग असा, की रोजच्या रोज नोंद ठेवणाऱ्या पालकाला आपण प्राण्याची अवस्था पाहत आहोत की स्वतःची आशा, हे कळू लागते.

बर्नार्ड रोलिन या तत्त्वज्ञांनी या संदर्भात एक मार्मिक मुद्दा मांडला आहे. माणूस आजची वेदना उद्याच्या आशेवर तोलून पाहतो. शस्त्रक्रियेनंतरचे हाल तो बरे होण्याच्या अपेक्षेने सोसतो. प्राण्याला ही तुलना करता येत नाही. त्याच्यापुरती त्या क्षणीची वेदना हेच सर्वस्व असते. यावरून असाध्य रोगात उपचार लांबविण्याविरुद्धचा युक्तिवाद बळकट होतो. परंतु याच मुद्द्याची दुसरी बाजूही आहे व ती अनेकदा विसरली जाते. प्राण्याला मृत्यूचे पूर्वभय नसते, तशी आपल्या व्यंगाची लाजही नसते. पाय कापावा लागलेला कुत्रा काही आठवड्यांत तीन पायांवर धावू लागतो. अंध झालेले मांजर ओळखीच्या घरात निर्वेधपणे वावरते. अशी अवस्था पालकाला पाहवत नाही, एवढ्यावरून ती प्राण्याला असह्य आहे, असे ठरत नाही.

भारतीय परंपरेतील विचार : भारतात या प्रश्नाला अहिंसेच्या तत्त्वामुळे वेगळे वळण मिळाले. जैन आचार्य अमृतचंद्र यांनी पुरुषार्थसिद्ध्युपाय या ग्रंथात (सु. दहावे शतक) अत्यंत दुःखी जीवाला मारले असता त्याची दुःखातून लवकर सुटका होईल, या विचाराचा नावानिशी उल्लेख करून तो त्याज्य ठरविला आहे. दुःख हा पूर्वकर्माचा परिपाक असून तो भोगूनच सरतो. देह संपविल्याने कर्म संपत नाही, मारणाऱ्याच्या खाती मात्र हिंसा जमा होते, ही जैन विचारामागील भूमिका होय. जैनांमधील सल्लेखना हे स्वेच्छेने स्वीकारलेले व्रत असल्याने ते मुक्या प्राण्याला लागू पडत नाही. या दृष्टिकोनाचे संस्थारूप म्हणजे पांजरपोळ. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत भटक्या कुत्र्यांना मारण्याची मोहीम चालू असता १८३२ मध्ये पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल झाली. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या प्रयत्नाने भुलेश्वर येथे पांजरपोळ स्थापन झाला. लुळ्या, वृद्ध व रोगी जनावरांना नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत सांभाळणे, हे अशा संस्थांचे ध्येय असते. या ध्येयामागील करुणा निर्विवाद आहे. मात्र वेदनाशामक औषधे व पशुवैद्य उपलब्ध नसतील, तर न मारण्याचे व्रत पाळूनही प्राण्याचे हाल थांबत नाहीत.

ही कोंडी महात्मा गांधींइतक्या उघडपणे क्वचितच कोणी मांडली असेल. १९२६ मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने पिसाळण्याची भीती असलेली सु. साठ भटकी कुत्री मारविली. गांधींनी त्याला दोष दिला नाही व त्याविषयी यंग इंडियात लेखमाला लिहिली. तिच्यावरील वाद शमला नाही तोच १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमातील एका वासराची घटना घडली. वासरू जायबंदी होऊन असह्य यातना भोगत होते. उपचार निष्फळ ठरले होते व त्याला कूस बदलणेही अशक्य झाले होते. गांधींनी सहकाऱ्यांशी विचारविनिमय केला. जो जीव आपण निर्माण करू शकत नाही, तो घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, असा एका सहकाऱ्याचा आक्षेप होता. जीव घेण्यामागे स्वार्थ असेल, तेव्हाच हा आक्षेप लागू पडतो, असे गांधींचे उत्तर होते. अखेर त्यांच्या समक्ष डॉक्टरांकडून वासराला विषाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) देण्यात आले व दोन मिनिटांच्या आत त्याचा अंत झाला. याविषयीचा लेख नवजीवन व यंग इंडिया या पत्रांत प्रसिद्ध होताच त्यांच्यावर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. गाईच्या वासराचा प्रश्न असल्याने हिंदू आणि जैन अशा दोन्ही समाजांतील लोक दुखावले गेले होते.

गांधींच्या प्रतिपादनाचा गाभा असा, की क्रोधाने किंवा स्वार्थाने दिलेली पीडा ही हिंसा होय. शस्त्रवैद्य रोग्याच्या हितासाठी शस्त्र चालवितो, ती हिंसा नव्हे. आणि प्रसंगी प्राणहरणही त्याच न्यायाने अहिंसा ठरू शकते. वादाच्या ओघात त्यांनी चार अटी घातल्या : रोग असाध्य असला पाहिजे, संबंधित सर्वांनी जगण्याची आशा सोडलेली असली पाहिजे, कोणतीही मदत वा सेवा करणे शक्य उरलेले नसले पाहिजे, आणि त्या जीवाला आपली इच्छा व्यक्त करणे अशक्य असले पाहिजे. आजच्या पशुवैद्यकीय नीतिशास्त्राची बरीचशी चर्चा पहिल्या दोन अटींवर थांबते. खरी कसोटी तिसरी आहे. सेवा करणे अशक्य आहे की परवडत नाही, हा प्रश्न आश्रमातील वासरापुढे उभा राहिला नव्हता. शहरातील कुटुंबापुढे तो रोज उभा राहतो.

खर्च : दयामरणाचा प्रत्यक्ष खर्च अल्प असतो; टाळता न येणारा खर्च असतो तो त्याच्या पर्यायांचा. जीर्ण वृक्कविकार (मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार) झालेल्या कुत्र्याला विशेष आहार, सलाइन व वारंवार रक्ततपासणी लागते. मधुमेही मांजराला बहुधा दररोज दोन वेळा इन्शुलिन द्यावे लागते. कर्करोगावरील औषधोपचार, रक्त अपोहन (डायालिसिस) वा चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन (एमआरआय) या सोयी भारतात मोठ्या शहरांपुरत्या मर्यादित आहेत. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये सुरू झालेले टाटा न्यासाचे लहान प्राण्यांचे रुग्णालय हे अशा आधुनिक रुग्णालयाचे उदाहरण होय. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांतील शुल्क अल्प असते. परंतु त्यांची रचना मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्या गरजांनुसार झालेली आहे. पशुविम्याबाबतही तसेच आहे. स्वीडनमध्ये बहुसंख्य पाळीव कुत्र्यांचा विमा उतरविलेला असतो व ब्रिटनमध्येही तो बराच प्रचलित आहे. भारतात तो दुधाळ जनावरांच्या बाबतीत रुजला, घरच्या कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत अद्याप फारसा रुजलेला नाही. परिणामी संपूर्ण भार पालकावर पडतो.

खर्च न झेपल्यामुळे बरा होऊ शकणारा प्राणी मारावा लागणे, याला आर्थिक दयामरण म्हणतात. पार्व्हो विषाणूची बाधा झालेले पिलू, मांडीचे हाड मोडलेला कुत्रा, मूत्रमार्ग तुंबलेला बोका ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. योग्य वेळी उपचार झाल्यास यांतील अनेक प्राणी वाचतात. उपचार न करता त्यांना तसेच ठेवले, तर मात्र मरण हालाचे असते. म्हणून त्या क्षणी दयामरण हा कमी वाईट पर्याय असू शकतो. परंतु अशा वेळी मरणाचे कारण रोग नसून सोयींचा व पैशाचा अभाव आहे, हे स्पष्ट मान्य केलेले बरे. ब्रिटनमध्ये मारिया डिकिन यांनी १९१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपेल या गरीब वस्तीत तेथील लोकांच्या प्राण्यांसाठी मोफत दवाखाना उघडला, तो हाच अभाव ओळखून. गरिबाला प्राणी पाळण्याचा हक्क नाही, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मात्र भारतात गल्लीतल्या अपंग पिलाला घरात घेणारी कुटुंबे बहुधा श्रीमंत नसतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

पैशाचा प्रभाव उलट दिशेनेही पडतो. ऐपत असलेला पालक आपल्या अपराधी भावनेपोटी वा विरह सोसवत नाही म्हणून मरणोन्मुख प्राण्यावर एकामागून एक उपचार करवीत राहतो. लांबलेल्या उपचारांतून पशुवैद्याला उत्पन्न मिळते, अखेरच्या अंतःक्षेपणातून जवळजवळ काहीच मिळत नाही. ही गोष्ट अप्रिय असली, तरी सल्ला घेताना पालकाने व देताना पशुवैद्याने ती ध्यानात ठेवणे आवश्यक असते.

उपचार आणि दयामरण यांच्यामधील तिसरा मार्ग, म्हणजे केवळ वेदनाशमन, हाही भारतात पुरेसा मोकळा नाही. मॉर्फीन व तत्सम औषधे १९८५ च्या अंमली औषधिद्रव्यविषयक कायद्याच्या कक्षेत येतात. ट्रॅमाडॉल हे त्यामानाने सौम्य औषधही २०१८ मध्ये त्याच कायद्याखाली आणण्यात आले. त्यामुळे लहान दवाखान्यांत ती ठेवणे अवघड जाते. अशा वेळी घरातील माणसांच्या गोळ्या प्राण्याला देण्याचा मोह होतो. तो घातक ठरतो. पॅरासिटामॉलची एखादी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

या सर्वांहून वाईट असा एक मार्ग आहे, तो म्हणजे त्याग. हत्येचे पाप नको आणि खर्चही नको म्हणून आजारी कुत्रा दूरच्या रस्त्यावर किंवा एखाद्या पांजरपोळाच्या फाटकाशी सोडून दिला जातो. तेथे तो उपासमारीने, वाहनाखाली किंवा इतर कुत्र्यांच्या हल्ल्यात मरतो. सोडून देणाऱ्याच्या हातून मात्र हत्या घडलेली नसते. स्वर्गाच्या दारीही आश्रित कुत्र्याला टाकण्यास नकार देणारा युधिष्ठिर ज्या समाजाला परिचित आहे, त्या समाजात हे घडावे हा मोठाच विरोधाभास होय.

कायदा : रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खाजगी विधेयकाच्या प्रेरणेने संमत झालेला १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम हा या विषयावरील भारतातील मूळ कायदा होय. त्याच्या कलम १३ मध्ये यातनाग्रस्त प्राण्यास मारण्याची तरतूद आहे. क्रूरतेबद्दल मालक दोषी ठरला व प्राणी जिवंत ठेवणे क्रूरपणाचे होईल असे न्यायालयाला वाटले, तर ते त्यास मारण्याचा आदेश देऊ शकते. मालक हजर नसल्यास किंवा संमती देत नसल्यास पोलीस अधिकारी पशुवैद्यास पाचारण करतो आणि त्याचे प्रमाणपत्र व दंडाधिकाऱ्याचा आदेश मिळाल्यानंतर प्राण्यास मारता येते. कलम ११ अन्वये हृदयात स्ट्रिक्निनाचे अंतःक्षेपण करून किंवा अन्य अनावश्यक क्रूर रीतीने प्राण्यास मारणे, तसेच उपासमार किंवा तहान यांमुळे त्यास यातना होतील अशा स्थितीत टाकून देणे, हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड आहे. १९६० साली ही रक्कम अगदीच नगण्य नव्हती. आज ती प्राण्याच्या एका वेळच्या तपासणी शुल्काइतकीही नाही. दुसऱ्याच्या प्राण्यास मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या (२०२३) कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. तथापि तेथे प्राण्याचा विचार मुख्यतः मालमत्ता म्हणून केलेला आहे. ज्याची मालमत्ता त्याची संमती, हे तत्त्व त्यातून येते व म्हणूनच पशुवैद्य दयामरणापूर्वी मालकाची लेखी संमती घेतात. भटक्या कुत्र्यांबाबत २००१ च्या नियमांनी असाध्य रोगी वा प्राणांतिक जखमी कुत्र्यांपुरतेच दयामरण मर्यादित केले व एका कुत्र्यासमोर दुसऱ्या कुत्र्यास मारू नये, असा संवेदनशील दंडकही घातला. या नियमांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली आहे.

जर्मनीत १९७२ च्या कायद्यानुसार वाजवी कारणाशिवाय कोणत्याही पृष्ठवंशी प्राण्यास मारणे हा गुन्हा आहे; मालकाची इच्छा हे पुरेसे कारण समजले जात नाही. इटलीने १९९१ मध्ये आश्रयस्थानांतील कुत्री केवळ गंभीर आजारी, असाध्य किंवा धोकादायक असल्यासच मारता येतील असा निर्बंध घातला. असे निर्बंध नसताना काय घडू शकते, याचे उदाहरण लंडनमध्ये सप्टेंबर १९३९ मध्ये दिसले. युद्ध जाहीर होताच, शहरावर बाँब पडण्यापूर्वीच, काही दिवसांत सु. ४ लाख कुत्री व मांजरे त्यांच्या मालकांनी स्वेच्छेने मारून घेतली. ती आजारी नव्हती.

पद्धती : चांगल्या पद्धतीची पहिली अट अशी, की प्राण्याची शुद्ध प्रथम हरपली पाहिजे व त्यानंतर हृदय आणि श्वसन बंद पडले पाहिजे. लंडनमधील बॅटर्सी येथील कुत्र्यांच्या आश्रयस्थानात बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी १८८४ मध्ये बसविलेली वायुकोठी हा त्या काळी मोठा सुधार मानला गेला. पुढे बार्बिच्युरेट गटातील शुद्धिहारकांनी ती मागे टाकली. आज बहुधा आधी शामक औषध देऊन प्राण्यास शांत करतात आणि नंतर नीलेतून पेंटोबार्बिटल किंवा थायोपेंटोन अधिक मात्रेत देतात. त्याने काही सेकंदांत शुद्ध जाते, मग श्वसनकेंद्राचे कार्य थांबते व हृदय बंद पडते. मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड ही द्रव्ये गाढ शुद्धिहरणानंतरच वापरता येतात. शुद्धीवर असलेल्या प्राण्याला ती दिल्यास आत यातना आणि बाहेर निश्चलता अशी भयंकर स्थिती उद्‌भवते. मृत्यूनंतर डोळे उघडे राहणे, मूत्रविसर्जन होणे, एखाददुसरा आचका येणे हे प्रतिक्षेपी प्रकार असून ते वेदनेचे निदर्शक नसतात. ही माहिती पालकाला आधी न दिल्यास हे दृश्य वर्षानुवर्षे त्याच्या मनातून जात नाही.

पशुवैद्यावरील ताण हाही खर्चाचाच एक भाग होय. वाचविण्यासाठी शिकलेल्या विद्येने, वाचू शकणाऱ्या प्राण्यास मारावे लागणे, यातून निर्माण होणाऱ्या मनःस्थितीला रोलिन यांनी ‘नैतिक ताण’ असे नाव दिले. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांतील आत्महत्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सु. तीन ते चार पट असल्याचे आढळले असून त्याच्या कारणांच्या चर्चेत या ताणाचा उल्लेख वारंवार येतो. निरोगी प्राण्यास मारण्याची मालकाची विनंती नाकारण्याचा पशुवैद्याचा हक्क आता बहुतेक ठिकाणी मान्य झाला आहे. पालकाच्या शोकाला मात्र समाजात अजून पुरेसे स्थान नाही. सुतक नाही, भेटायला येणारे नाहीत, कामावर रजा मागण्याची सोय नाही. शिवाय निर्णय आपणच घेतला ही बोचणी असते.

बार्बिच्युरेट देऊन मारलेल्या प्राण्याचे शव उघड्यावर टाकणे वर्ज्य आहे. हे द्रव्य मृत शरीरात दीर्घकाळ टिकून राहते आणि ते मांस खाणारी कुत्री, घारी, गिधाडे यांना त्यापासून विषबाधा होते. डायक्लोफिनॅकमुळे गिधाडांचा झालेला संहार व २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरावर भारतात आलेली बंदी विचारात घेता ही काळजी अनाठायी नाही. शव खोल पुरणे किंवा जाळणे हेच योग्य होय. गावात त्यासाठी परसात वा बांधावर जागा मिळते. शहरातील सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाला मात्र दहनाची सोय कोठे आहे, हे बहुधा अखेरच्या दिवशीच शोधावे लागते.